पोहणाऱ्या गाड्या आणि सह्याद्रीचं पाणी

कल्याणहून मुरबाडमार्गे निघालेला रस्ता माळशेज घाट चढून, ओतूर-आळेफाटा करत अहिल्यानगरला जातो. जोराचा पाऊस झाला की या रस्त्याच्या खालच्या टोकाला उल्हास नदीवरचा रायते पूल पाण्याखाली जातो आणि मुरबाडकरांचा कल्याणशी सरळ संबंध तुटतो. वरच्या टोकाला, पर्जन्यछायेतल्या नगरात, वर्षाला जेमतेम सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आणि पाण्यात पोहणाऱ्या गाड्यांचं संशोधन तिथे चालतं. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची 'व्हीआरडीई' ही वाहनांची प्रयोगशाळा नगरला आहे. तिचं मूळ ठाणं चकलाला इथे होतं. फाळणीत ते गाव पाकिस्तानात गेलं आणि संस्था नगरला आली. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्रही नगरलाच आहे. पट्ट्यांवर चालणारी आणि त्याच पट्ट्यांनी पाणी मागे ढकलत नदी ओलांडणारी बीएमपी गाडी हे या सैनिकांचं रोजचं वाहन.

जमिनीवर चालणारी आणि पाण्यात तरंगणारी गाडी बनवणं फारसं अवघड नाही. ती दहा वर्षं टिकवणं अवघड आहे. टिकेल की नाही हे इंजिनाच्या ताकदीपेक्षा ती कुठल्या पाण्यात उतरणार यावर जास्त ठरतं. म्हणून आधी पाणी पाहू. त्यासाठी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांइतकी सोयीची जागा शोधूनही सापडायची नाही, कारण इथे तीन तऱ्हांचं पाणी एका दिवसाच्या फेरीत दिसतं.

पहिलं कसाऱ्याचं. कसारा घाटाच्या कुशीतून उतरणारे ओहोळ आणि तिथेच उगम पावणारी भातसा जुलैमध्ये दगडधोंडे गडगडवत खाली येतात. पाणी खोल नसतं, पण सेकंदाला तीन-चार मीटर वेगाने धावणं त्याला सहज जमतं. दुसरं पाणी खालच्या सपाटीचं. उल्हास, काळू आणि त्यांचे फाटे फुगले की पाणी शेतांत पसरतं आणि तुंबून राहतं. २६ जुलै २०१९च्या रात्री बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली ती अशाच पसरलेल्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले ते रबरी बोटींतून. तिसरं पाणी धरणांचं: भातसा, तानसा, मोडकसागर. हे शांत आणि खोल असतं, आणि काठावर गाळाचा पट्टा असतो. या तिन्ही पाण्यांच्या मधल्या जागेत भातखाचरांचा गुडघाभर चिखल आणि काळ्या कातळाची धार असते.

आता तरंगण्याचा हिशोब. एक घनमीटर पाणी बाजूला सारलं की एक टन वजन उचललं जातं. नगरच्या व्हीआरडीईने टाटांसोबत विकसित केलेली आठ चाकी चिलखती गाडी 'व्हॅप' हिचं वजन पंचवीस टनांच्या आसपास आहे. म्हणजे तिच्या पोटाने किमान पंचवीस घनमीटर पाणी हटवलं पाहिजे. असं पोट फुगीर आणि उंच करावं लागतं, आणि उंच गाडी घाटाच्या वळणावर कलंडायला तयार असते. चिलखत जाड केलं की गाडी बुडते, पातळ केलं की गोळी आत येते. सगळ्या पोहणाऱ्या लष्करी गाड्या ही ओढाताण घेऊनच जन्माला येतात. व्हॅपच्या मागच्या बाजूला दोन जलझोत यंत्रं आहेत. ती पाणी ओढून मागे फेकतात आणि गाडीला ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वेग देतात. या गाडीचा पायदळासाठी केलेला अवतार एप्रिल २०२२मध्ये पुण्यात लष्कराच्या हवाली झाला, आणि सप्टेंबर २०२५मध्ये मोरोक्कोत तिचा कारखाना सुरू झाला. नगरच्या माळावरून निघालेली गाडी आता आफ्रिकेत बनते आहे.

नागरी गाड्यांनी हाच हिशोब अगदी निराळ्या रीतीने सोडवला. सेंट पीटर्सबर्गच्या अलेक्सेई गारागाश्यान यांनी आखलेली 'शेर्प' पाहा. तिचं एक चाक १.६ मीटर उंच आणि ०.६ मीटर रुंद आहे. भरीव नळकांडं धरलं तर एका चाकाचं आकारमान १.२ घनमीटर, चारांचं ४.८. मधली रिम आणि टायरची गोलाई वजा केली तरी चारेक घनमीटर उरतं. रिकाम्या गाडीचं वजन तेराशे किलो आणि वर हजार किलो माल. म्हणजे नुसत्या चार टायरांवर गाडी माणसांसकट तरंगते आणि टायर अर्ध्याहून थोडेच जास्त बुडतात. पेटीत पाणी शिरलं तरी ती बुडत नाही, कारण तिला उचलून धरणारी हवा पेटीत नाहीच, टायरांत आहे. मला ही कल्पना फार हुशारीची वाटते. महाराष्ट्रातल्या धरणांवर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकणाऱ्या मासेमारांना ती कुणी शिकवावी लागली नव्हती.

भारतीय लष्कराने घेतलेली 'एटॉर एन १२००' याच घराण्यातली. जेएसडब्ल्यू गेको या कंपनीकडे अशा ९६ गाड्यांची मागणी नोंदवली गेली. टायर १.८ मीटर उंच, माल बाराशे किलो. ऑगस्ट २०२५मध्ये अमृतसर भागात पूर आला तेव्हा या गाड्या तुंबलेल्या शेतांतून माणसं बाहेर काढताना दिसल्या. पंजाबचा तो पूर सपाटीचा होता: पाणी, मग बांध, मग चिखल, पुन्हा पाणी. बोट बांधापाशी अडते, ट्रॅक्टर खोल पाण्यात बंद पडतो. अशा आलटून-पालटून येणाऱ्या जमिनीत या गाडीला तोड नाही.

पण तीच गाडी कसाऱ्याच्या ओहोळात घातली तर? टायरवरचे कंगोरे वल्ह्यांसारखे फिरवून ती पाण्यात ताशी सहा किलोमीटर जाते, म्हणजे सेकंदाला साधारण १.७ मीटर. समोरून येणारं पाणी त्याच्या दुप्पट वेगाचं. गाडी पुढे जायचं नाव घेत नाही, वाहून जाते. शिवाय तरंगण्याचा गुणच इथे वैरी होतो. चाकाची पकड गाडीच्या वजनावर असते. पाण्याने अर्धं वजन उचललं की पकडही अर्धी. हलकी, फुगीर गाडी मांडीभर पाण्यातच तळ सोडू लागते. तेवढ्याच पाण्यात भरलेला डंपर किंवा जेसीबी तळाशी घट्ट उभा राहतो, कारण त्यांच्या सांगाड्यातून पाणी आरपार जातं आणि वजन तसंच राहतं. आपल्याकडे पुरात अडकलेल्यांना काढायला सगळ्यात आधी जेसीबी आणि ट्रॅक्टर धावतात यामागे हे गणित आहे, मग ते चालकाने कागदावर मांडलेलं नसेना का. पोहणारी गाडी आणि पाण्यातून चालणारी गाडी या दोन वेगळ्या जाती आहेत आणि घाटातल्या उथळ, धावत्या पाण्यात दुसरी जात सरस आहे. तिलाही मर्यादा आहेच. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये हा नियम डंपरलाही लागू आहे, कारण पाण्याखाली पूल शिल्लक आहे की नाही हे वरून कळत नाही.

आता टिकाऊपणाकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण जाहिरातीत गाडी नेहमी पाण्यात उडी घेताना दाखवतात. पाण्यातून बाहेर आल्यावर सहा महिन्यांनी कशी दिसते ते कुणी दाखवत नाही.

बोटीच्या तळाला भोकं नसतात; असलंच तर पंख्याच्या दांड्याचं एक. गाडीचं तसं नाही. इंजिन आत, चाकं बाहेर, म्हणजे प्रत्येक चाकासाठी एक फिरता दांडा पाण्याच्या रेषेखालून बाहेर काढावा लागतो. चार चाकांना चार भोकं, आठ चाकांना आठ. प्रत्येक भोकात बेअरिंग आणि त्याच्या तोंडाशी रबरी सील. साऱ्या उभयचर वाहनांचं आयुष्य या बोटभर रुंद रबरी कड्यांवर अवलंबून असतं.

याचा सगळ्यात कडू पुरावा अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात जनरल मोटर्सने सहा चाकी ट्रकला होडीचं पोट चढवून 'डक' ही गाडी तयार केली. १९४२पासून पुढे तशा एकवीस हजारांच्या आसपास बनल्या आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यांनी माल उतरवला. बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमी-जास्त करण्याची सोय याच गाडीने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरात आणली. युद्धानंतर उरलेल्या डक पर्यटकांना फिरवू लागल्या. १ मे १९९९ रोजी आर्कान्सामधल्या हॅमिल्टन तलावात 'मिस मॅजेस्टिक' नावाची डक पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांत बुडाली. गाडीत २१ जण होते, १३ दगावले. चौकशीत कारण निघालं ते असं: मागच्या दांड्याभोवतीचं रबरी आवरण नीट आवळलेलं नव्हतं. आवळपट्टी सैल होती, आवरण सरकलं आणि पाणी आत घुसलं. वर ऊन-पावसासाठी लावलेलं छत होतं, त्याने माणसांची बाहेर पडायची वाट अडवली. नॉर्मंडी पार केलेल्या जातीची गाडी शांत तलावात एका आवळपट्टीपायी गेली.

सील बिघडतं कसं? एक कारण सरळ आहे: वाळू आणि गाळ. भातखाचराचा चिखल बोटांना मऊ लागतो, पण त्यात बारीक रेतीचे कण असतात. ते ग्रीसमध्ये मिसळले की बेअरिंगला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. शिवाय पुराच्या पाण्यात दोऱ्या, जाळ्यांचे तुकडे, खतांच्या गोण्यांचे धागे वाहत येतात. ते दांड्याभोवती गुंडाळले जातात आणि हळूहळू सीलच्या ओठाखाली शिरून त्याला उचलतात.

दुसरं कारण चटकन लक्षात येत नाही. गाडी घाट उतरून आली, ब्रेक आणि बेअरिंग तापलेली, त्यांच्या आतली हवाही तापून फुगलेली. अशी गाडी थेट गार पाण्यात उतरली की आतली हवा झटकन आकसते आणि पोकळी भरून काढायला सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. सील चांगलं असलं तरी. यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल आणि हबला बारीक नळ्या जोडून त्यांची तोंडं उंचावर आणणं, म्हणजे आकसणारी हवा वरून श्वास घेते. ज्या गाडीला या नळ्या नाहीत, किंवा आहेत पण चिखलाने बुजल्यात, तिचं तेल दोन पावसाळ्यांत दुधाळ होतं. दुधाळ तेल म्हणजे पाणी मिसळलेलं तेल. गॅरेजवाला ते एका नजरेत ओळखतो आणि पुढचा खर्च मनात मांडू लागतो.

पश्चिम जर्मनीत १९६१पासून विकल्या गेलेल्या 'ॲम्फिकार' या देखण्या मोटारीची गोष्ट याच वळणाची. पुढची चाकंच सुकाणूचं काम करायची, मागे दोन पंखे होते. रस्त्यावर मोटार, तळ्यात होडी. पण पाण्यातून आल्यावर तिला डझनभर ठिकाणी ग्रीस भरावं लागे. हौशी मालकांनी ते केलं म्हणून आजही काही ॲम्फिकार तरंगतात. ज्यांनी केलं नाही त्यांच्या पत्र्याला गंजाने खाल्लं. चार हजारसुद्धा न बनता ती बंद पडली.

तेव्हा पेटी पत्र्याचीच का असावी? कॅनडातल्या 'आर्गो' या सहा आणि आठ चाकी गाड्यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटापासून दुसरी वाट धरली. पुढे त्यांची पेटी जाड पॉलिएथिलीनच्या एकसंध तुकड्याची झाली, आपल्या पाण्याच्या टाक्या ज्या जातीच्या प्लास्टिकच्या असतात त्यातलीच. ती गंजत नाही, आपटली तर दबते आणि पुन्हा फुगते, चिरली तर उष्णतेने जोडता येते. कातळावर घासून मात्र ती झिजते, आणि आपल्या बेसॉल्टची कड कॅनडाच्या दलदलीपेक्षा फार निर्दय आहे. आर्गो कसाऱ्याकडे आणायची तर पोटाखाली जास्तीचा संरक्षक पत्रा हवाच. चाकं साखळ्यांनी फिरतात. साखळ्या पेटीच्या आत असल्याने चिखलापासून वाचतात. पण त्या ताणतात, त्यांना वेळच्या वेळी कसावं लागतं आणि तेल पाजावं लागतं. दुरुस्तीच्या दृष्टीने मला साखळी आवडते. शहापूरच्या बाजारात मोटरसायकलच्या साखळीची जोडकडी बदलणारा माणूस आर्गोच्या साखळीला घाबरणार नाही. हायड्रॉलिक मोटरवर चालणारी गाडी बिघडली की तिचा सुटा भाग येईपर्यंत भात कापून झालेलं असतं.

शेर्प आणि आर्गोसारख्या गाड्यांचं वळणंही वेगळं असतं. पुढची चाकं वळत नाहीत. एका बाजूची चाकं थांबवून दुसऱ्या बाजूची फिरवायची, रणगाड्यासारखं. चिखलात हे छान जमतं. डांबरावर मात्र टायर आडवे खरडले जातात आणि दांड्यांवर पीळ पडतो. म्हणून अशी गाडी आसनगावहून कसाऱ्यापर्यंत महामार्गाने चालवत नेणं म्हणजे तिचं निम्मं आयुष्य रस्त्यावर पुसून टाकणं. ट्रेलरवर चढवून न्यावी, नदीपाशी उतरवावी. स्वीडनच्या हेग्लुंड्सनी दोन डबे सांध्याने जोडलेल्या, रबरी पट्ट्यांच्या गाड्या बनवल्या, त्यांना हे दुखणं नाही. सांध्यातून गाडी मुरडते, पट्टे खरडत नाहीत. त्यातलीच 'बीव्हीएस १०' भारतीय लष्करासाठी 'सिंधू' नावाने लार्सन अँड टुब्रो हजिऱ्यात बांधणार आहे.

चिखलात रुतण्याचं गणित टायरमधल्या हवेत आहे. मऊ टायर जमिनीवर साधारण स्वतःच्या हवेइतकाच दाब देतो. मोटारीच्या टायरात चौरस इंचाला तीसेक पौंड हवा असते, आर्गोसारख्या गाडीच्या टायरात चार-पाच पौंड, शेर्पच्या टायरात त्याहून कमी. पासष्ट किलोचा माणूस चालताना एका पावलावर येतो तेव्हा जमिनीवर चार-पाच पौंडांचा दाब पडतो. म्हणजे जिथे माणूस चालू शकतो तिथे ही गाडी रुतत नाही. शेर्पने यात आणखी एक युक्ती केली: इंजिनाचा धूर टायरांत सोडून ते काही सेकंदांत फुगवायचे. पण मऊ टायर पातळ असावा लागतो, आणि मुरबाडच्या डोंगरउतारावर कापलेल्या कारवीची तिरकी खुंटं पातळ रबराची वाट पाहत असतात. खुद्द खाचरात आपल्या शेतकऱ्याने उलटा मार्ग धरला आहे. चिखलणीला पॉवर टिलर उतरवताना तो रबरी टायर काढून लोखंडी जाळीची चाकं चढवतो. ती रुततात, खालच्या घट्ट थराला भिडतात आणि तिथून जोर घेतात. पंक्चरचा प्रश्नच नाही. तरंगत नाहीत एवढंच.

उष्णतेचं दुखणं उरलं. पाणी आत येऊ नये म्हणून पेटी बंद केली की हवाही आत येत नाही. डिसेंबर १९७१मध्ये बांगलादेशात मेघना ओलांडताना आपल्या सैन्याकडे पीटी-७६ हे पोहणारे रशियन रणगाडे होते. नदी इतकी रुंद की अर्ध्या तासाच्या पोहण्यात इंजिनं तापली, आणि पुढचं अंतर त्यांना स्थानिक नावाड्यांच्या होड्यांनी ओढून न्यावं लागलं. कसारा घाटात रेल्वेलासुद्धा ३७ फुटांना एक फूट अशा चढावर मागून बँकर इंजिनाचा धक्का लागतो. तिथे बंद पेटीतलं चाळीस-पन्नास अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण भार घेऊन चढवलं तर तापमापकाचा काटा कुठे जाईल हे सांगायला नको.

मग या दोन तालुक्यांनी अशी गाडी घ्यावी का? पाड्यावरच्या आजारी माणसाला पावसाळ्यात झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, ही इथली नेहमीची बातमी आहे, आणि ती वाचून 'घ्या एक शेर्प' म्हणण्याचा मोह होतो. माझं मत तसं नाही. ज्या पाड्याला धावता ओहोळ आडवा येतो तिथे साकव हवा; कुठलीही पोहणारी गाडी साकवाचं काम करणार नाही. जिथे पाणी पसरतं तिथे ट्रकवर घडी घालून नेलेली रबरी बोट पुष्कळदा पुरते, महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या वेळी पुरली तशी. उरते ती मधली जागा: धरणांचे गाळाचे काठ, खाचरं, बांध आणि तुंबलेलं पाणी यांची सरमिसळ. तिथे जिल्ह्याच्या आपत्ती विभागाकडे आर्गोसारख्या एक-दोन आठ चाकी गाड्या असायला हरकत नाही, पण त्यांच्यासोबत सीलांचा साठा आणि बारमाही पगारावरचा मेकॅनिक असेल तरच.

आणि गाडी पाण्यात घालण्याइतकाच ती बाहेर काढण्याचाही विचार हवा. पोहणाऱ्या गाड्या मधोमध क्वचित फसतात. त्या फसतात पलीकडच्या काठावर, जिथे पुढची चाकं चिखलाला टेकतात आणि मागचा भाग अजून तरंगत असतो. बीएमपीवर आधारलेली आणि पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केलेली टेहळणीची गाडी डिसेंबर २०२१मध्ये लष्कराच्या अभियंत्यांना मिळाली. ती प्रवाहाचा वेग आणि खोली मोजते आणि काठाच्या मातीत सळई खुपसून ती किती भार पेलेल हेही तपासते. साध्या गाडीवाल्याकडे ही उपकरणं नसतात. त्याने उन्हाळ्यातच नदीकाठ चालून उताराच्या जागा पाहून ठेवाव्यात आणि तिथे खुणेचे दगड रंगवावेत.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने रंग आणि टायर नंतर पाहावेत. आधी डिफरन्शियलचं बूच उघडून तेल बोटावर घ्यावं. चाक जॅकवर उचलून हाताने हलवावं. खडखड आली तर बेअरिंग गेलं. रबरी आवरणांच्या घड्या बोटांनी उलगडून चिरा शोधाव्यात. आणि शेवटी पेटीच्या तळाशी, साठलेलं पाणी काढायला ठेवलेलं बूच आहे का ते बघावं, कारण धुतल्यावर ते काढून ठेवतात आणि पुढच्या वेळी लावायला विसरतात.